वाचकांचे प्रश्न : लहान प्रतिमा मोठी करताना कडा कशा टिकवाव्यात?

कमी रिझोल्यूशनची प्रतिमा मोठी केली की तिच्या कडा का बिघडतात आणि त्या टिकवण्यासाठी काय करता येते, याविषयी वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळच्या सदरात देत आहोत. जागेअभावी प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : संगणकावर फोटो मोठा केला की त्यातील कडा कधी पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, कधी पुसट होतात, तर कधी कडेला लागून एक पांढरी रेघ उमटते. एकाच फोटोत असे वेगवेगळे दोष का येतात? ‘बायलिनिअर’, ‘बायक्युबिक’ आणि ‘लान्झोस’ यांपैकी कोणता पर्याय निवडावा?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ४०० बाय ३०० पिक्सेलची प्रतिमा आपण १६०० बाय १२०० केली, तर १ लाख २० हजार पिक्सेलच्या जागी १९ लाख २० हजार पिक्सेल लागतात. म्हणजे नव्या प्रतिमेतील दर १६ पिक्सेलपैकी १५ पिक्सेल कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. सॉफ्टवेअरने ते शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरलेले असतात. भिंत, आकाश, गालाची त्वचा अशा ठिकाणी रंग हळूहळू बदलतो, त्यामुळे तेथे कोणताही अंदाज खपून जातो. कडेवर मात्र शेजारच्या दोन पिक्सेलच्या मूल्यांत एकदम मोठी उडी असते आणि ती उडी नेमकी कोठे घडली, हे लहान प्रतिमेत पुरेसे नोंदलेले नसते. म्हणून अंदाजातील चूक सर्वांत आधी कडेवर उघडी पडते. आपण वर्णन केलेले दोष हे वेगवेगळ्या अंदाजपद्धतींचे दोष आहेत.

‘नियरेस्ट नेबर’ या पद्धतीत प्रत्येक नवा पिक्सेल सर्वांत जवळच्या जुन्या पिक्सेलची नक्कल असतो. त्यात नवा रंग तयार होत नाही, परंतु तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या दिसतात. बायलिनिअर पद्धत भोवतालच्या ४ पिक्सेलची अंतरानुसार सरासरी काढते. पायऱ्या जातात आणि त्यांच्या जागी पुसटपणा येतो. बायक्युबिक पद्धत १६ पिक्सेल विचारात घेते आणि त्यांतील दूरच्या पिक्सेलना ऋण भार देते. या ऋण भारामुळे कड अधिक ठसठशीत होते, पण त्याच कारणाने कडेच्या उजळ बाजूला मूळ रंगाहून अधिक उजळ आणि गडद बाजूला अधिक गडद अशी बारीक पट्टी उमटते. आपल्याला दिसलेली पांढरी रेघ ती हीच. लान्झोस पद्धतीचा नेहमीचा प्रकार ३६ पिक्सेल वापरतो, कड आणखी धारदार करतो आणि कडेभोवती एकाऐवजी अनेक फिकट लहरी सोडून जातो.

पुसटपणा, पायऱ्या आणि लहरी या तिन्हींपासून एकाच वेळी पूर्ण सुटका देणारे सूत्र या कुळात नाही. त्यांच्यात तडजोडच करावी लागते. ही तडजोड कोठे करावी याचा एक नेमका अभ्यास १९८८ मध्ये डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी यांनी प्रसिद्ध केला. नेत्रावळी हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी आणि पुढे अमेरिकेतील बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले. या दोघांनी बायक्युबिक कुळातील सर्व सूत्रे दोन संख्यांत बसवली, त्या संख्या बदलत तयार केलेल्या प्रतिमा जाणकारांना दाखवल्या आणि कोणता दोष कोठे खटकतो याची नोंद घेतली. दोन्ही संख्या एक-तृतीयांश ठेवाव्यात, ही त्यांची शिफारस. इरफानव्ह्यूसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ‘मिचेल’ या नावाने जो पर्याय दिसतो, तो हाच. गणिताने शेवटचा निर्णय पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोडला, हे मला या अभ्यासाचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य वाटते.

निवडीबाबत माझे मत असे : मूळ फाइल स्वच्छ असेल, म्हणजे कॅमेऱ्यातून थेट आलेली किंवा पीएनजी स्वरूपातील असेल, तर लान्झोस वापरण्यास हरकत नाही. फाइल जेपीईजी असून ती बरीच दाबलेली असेल, तर मिचेल किंवा साधे बायक्युबिक बरे. जेपीईजी पद्धत प्रतिमेचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती कमी करते. त्यामुळे कडेभोवती जो भुरभुरीत कचरा साचतो, त्यालाही लान्झोस खरी कड समजून धार लावतो. म्हणून क्रमही पाळावा. आधी तो कचरा हलक्या हाताने कमी करावा, मग प्रतिमा मोठी करावी आणि शार्पन, म्हणजे कडांना धार लावण्याचे काम, सर्वांत शेवटी, छपाईच्या अंतिम मापावर करावे. लहान प्रतिमेला आधी शार्पन केले, तर त्यातून कडेला आलेली पट्टीही प्रतिमेबरोबर चौपट रुंद होते. दर वेळी १० टक्के वाढवत टप्प्याटप्प्याने मोठे करावे, हा सल्ला अजूनही ऐकू येतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा लाभ मला दिसत नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर आधीच्या अंदाजावर नवा अंदाज चढतो.

वरील सर्व पद्धती प्रतिमेत सर्वत्र एकच सूत्र लावतात. कड उभी आहे की तिरपी, याची त्यांना जाण नसते. कडेची दिशा आधी ओळखून त्या दिशेनेच रंग भरणाऱ्या पद्धती नंतर आल्या. झिन ली आणि मायकेल ऑर्चर्ड यांचे २००१ मधील काम त्यांत बरेच परिचित आहे. तिरप्या रेषांसाठी त्या चांगल्या. गवत, केस किंवा विणीचे कापड असेल तेथे मात्र त्या कधी कधी नसलेली दिशा शोधून काढतात.

प्रश्न : माझा फ्लेक्स-छपाईचा व्यवसाय आहे. ग्राहक दुकानाचा लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तो ४००-५०० पिक्सेलचा असतो आणि १० बाय ६ फुटांच्या फ्लेक्सवर छापायचा असतो. कोरलड्रॉमधील मूळ सीडीआर फाइल मागितली तर कोणाकडेच नसते. एआयने मोठा करून पाहिला, पण अक्षरांचे आकार बदलले. काय करावे?
— व्यावसायिक, सांगली

उत्तर : लोगो हे छायाचित्र नव्हे. त्यात मोजके सपाट रंग आणि ठरावीक आकार असतात. तो पिक्सेलमध्ये मोठा करत बसण्यापेक्षा त्याच्या कडांच्या वक्ररेषा पुन्हा तयार करणे, म्हणजे त्याला व्हेक्टर स्वरूपात आणणे, हाच खरा मार्ग आहे. एकदा वक्ररेषा तयार झाल्या की १० फूट काय आणि ४० फूट काय, कड तेवढीच स्वच्छ राहते.

कोरलमधील पॉवरट्रेस किंवा इंकस्केपमधील ट्रेस बिटमॅप यांनी हे काम होते, परंतु बहुतेकांची गफलत ट्रेस करण्याच्या आधी होते. लोगो पुसट दिसतो म्हणून तो लहान असतानाच शुद्ध काळा-पांढरा केला जातो आणि मग ट्रेस केला जातो. कडेवरचे करडे पिक्सेल हा मळ नसून तेथील सर्वांत मौल्यवान माहिती असते. पांढऱ्यावरच्या काळ्या आकारात कडेचा एखादा पिक्सेल ३० टक्के काळा असेल, तर आकाराने त्या पिक्सेलचा साधारण ३० टक्के भाग व्यापला आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजेच कड पिक्सेलच्या आत नेमकी कोठून गेली, हे तो करडा रंग सांगत असतो. ती माहिती आधीच पुसून टाकली, तर ट्रेस करणाऱ्या प्रोग्रामच्या हाती केवळ पायऱ्या उरतात आणि तो पायऱ्यांचेच लाटालाटांचे वळण करून देतो. म्हणून लोगो प्रथम करड्या छटांसह बायक्युबिकने चौपट मोठा करावा, त्यानंतर मधल्या छटेहून गडद ते काळे आणि फिकट ते पांढरे करावे आणि मग ट्रेस करावा. पीटर सेलिंजर यांनी २००१ मध्ये तयार केलेला पोट्रेस हा प्रोग्राम इंकस्केपच्या ट्रेसमागे काम करतो. त्याच्याबरोबर एमकेबिटमॅप नावाचे जे छोटे साधन मिळते, ते हीच पूर्वतयारी करण्यासाठी आहे. लोगोत तीन रंग असतील, तर प्रत्येक रंगासाठी ही कृती वेगळी करावी.

ट्रेस करताना कोपरे गोल करण्याची मर्यादा कमी ठेवावी. देवनागरी अक्षरांच्या टोकांना बोरूच्या तिरप्या छेदासारखे कोन असतात आणि प्रोग्रामला मोकळीक दिली की तो ते घासून गोल करतो. अक्षर वाचता येते, पण साबणासारखे दिसते. खरे तर अक्षरे ट्रेस करूच नयेत. फाँट ओळखून मजकूर पुन्हा टाइप करावा आणि मग कर्व्ह करावा, म्हणजे त्याचे वक्ररेषांत रूपांतर करावे. जुन्या लोगोंत बहुधा श्रीलिपीतील फाँट असतात आणि ते आपल्याकडे असतीलच. फाँट सापडत नसेल, तर ग्राहकाची परवानगी घेऊन जवळचा फाँट वापरणे हे वेडीवाकडी अक्षरे छापण्यापेक्षा प्रामाणिक आहे. एआयने आपल्याकडील अक्षरे बदलली याचे नवल वाटायला नको, कारण ते साधन अक्षर ओळखत नाही. आपल्या अभ्याससंचात पाहिलेल्या कडांसारख्या कडा ते तेथे काढून देते.

आता फ्लेक्सवरील फोटोंविषयी. सर्वत्र ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, हवेत, हा समज आपल्या व्यवसायात फार घट्ट आहे. निरोगी डोळ्याला सुमारे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारकावे वेगळे दिसतात. ३० सेंटीमीटरवरून पाहताना हे माप इंचाला साधारण २९० पिक्सेल येते, आणि हातात धरून वाचायच्या छपाईसाठी ३०० चा आकडा रूढ आहे तो याच्याशी जुळतो. तीन मीटरवरून पाहताना तेच माप इंचाला सुमारे २९ आणि सहा मीटरवरून सुमारे १५ होते. १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स ३०० ने करायचा तर ३६,००० बाय २१,६०० पिक्सेल लागतील. ३० ने करायचा तर ३,६०० बाय २,१६० पुरतात. म्हणजे शंभरावा भाग. अर्थात ज्याचा वाढदिवस असतो, तो आपल्या फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन चेहरा पाहतो, हे आपण अनुभवले असेलच. म्हणून मुख्य चेहऱ्यासाठी ५० ते ७० चे माप धरावे आणि बाकी गर्दीला ३० पुरेसे मानावे.

ग्राहकांना एवढेच सांगावे की फाइल फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा व्हॉट्सअ‍ॅप लहान करतो आणि पुन्हा जेपीईजीत दाबतो. २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायानेही ते दाबणे पूर्णपणे थांबत नाही. अनेकदा मोठी फाइल ग्राहकाच्या मोबाइलमध्येच पडून असते.

प्रश्न : आजीचा एकच फोटो आहे, तोही पासपोर्ट आकाराचा. मोबाइलवर त्याचा फोटो काढून एका अ‍ॅपने मोठा केला. चेहरा कमालीचा स्पष्ट आला, पण घरातील सगळे म्हणतात की ही आजी नाही. असे का व्हावे?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : घरातील मंडळींचे म्हणणे बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी ही अ‍ॅप कशी शिकतात हे पाहावे लागेल. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी प्रतिमा मोठी करण्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरून दाखवले. मोठ्या प्रतिमा मुद्दाम लहान करायच्या, लहानावरून मोठी परत बनवायला नेटवर्कला शिकवायचे आणि मूळ प्रतिमेशी पिक्सेलगणिक फरक मोजून सुधारणा करायची, अशी ही रीत. त्यात एक अडचण होती. एका लहान प्रतिमेमागे अनेक मोठ्या प्रतिमा संभवतात; फरक कमीत कमी ठेवायला शिकलेले नेटवर्क त्या सगळ्यांची सरासरी देते, आणि अनेक कडांची सरासरी म्हणजे मऊ कड. पुढे एसआरजीएएन आणि २०१८ मधील ईएसआरजीएएन या पद्धतींनी दुसरे नेटवर्क परीक्षक म्हणून बसवले, जे समोरची प्रतिमा खरी की बनवलेली एवढेच ओळखायचा प्रयत्न करते. परीक्षकाला चकवायचे तर सरासरी देऊन भागत नाही. संभाव्य प्रतिमांपैकी कोणती तरी एक निवडून ती ठामपणे रेखाटावी लागते. कडा धारदार झाल्या त्या या ठामपणामुळे. मात्र निवडलेला चेहरा आजींचाच असेल, याची हमी त्यात कोठेही नाही. आजींना कधीही न पाहिलेल्या, पण हजारो चेहरे रंगवलेल्या चित्रकाराने त्यांचे चित्र पूर्ण करावे, तसे हे झाले.

याचे गाजलेले उदाहरण २०२० चे आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून ‘पल्स’ नावाची पद्धत बाहेर आली. ठिपक्याठिपक्यांच्या चेहऱ्यावरून ती स्वच्छ चेहरा तयार करत असे आणि तो चेहरा परत लहान केला की मूळ ठिपक्यांशी जुळत असे. लोकांनी तिला बराक ओबामा यांचा ठिपकेदार फोटो दिला, तेव्हा एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा बाहेर आला. ठिपके जुळत होते, माणूस वेगळा होता.

आपल्याकडे मूळ फोटो हातात आहे, ही जमेची बाजू आहे. तेव्हा मोबाइलने काढलेली प्रत बाजूला ठेवावी आणि सपाट स्कॅनरवर मूळ फोटो १२०० डीपीआयने, म्हणजे इंचाला १२०० ठिपके या मापाने, स्कॅन करावा. स्कॅनरच्या खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पुष्कळदा सॉफ्टवेअरने वाढवलेला असतो, म्हणून ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेले माप पाहावे. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो १२०० ने स्कॅन केल्यास सुमारे १६५४ बाय २१२६ पिक्सेल मिळतात. २०० पीपीआयने ८ बाय १० इंची छपाईसाठी ते पुरतात, म्हणजे संगणकात मोठे करण्याची गरजच उरत नाही. छापील फोटोत तेवढे बारकावे नसतील तर चेहरा मऊ दिसेल. भिंतीवर लावलेल्या चौकटीत तो मऊपणा मुळीच वाईट दिसत नाही. कागदाला रेशमी पोत असेल, तर फोटो एकदा सरळ आणि एकदा अर्धा फेरा फिरवून स्कॅन करावा, दोन्ही प्रती जुळवून त्यांची सरासरी घ्यावी. पोताच्या सावल्या बऱ्याच कमी होतात. फोटो स्टुडिओत काढलेला असेल आणि स्टुडिओ अजून चालू असेल, तर निगेटिव्हची चौकशी जरूर करावी.

एआय वापरायचेच असेल तर त्याची प्रतिमा वरच्या थरात ठेवून तिची तीव्रता ३०-४० टक्क्यांवर आणावी, आणि लुगड्याचे काठ, केस, पार्श्वभूमी एवढ्यापुरतीच ती ठेवून डोळे, ओठ व नाक यांवरून ती पूर्ण पुसावी. नथ, तीळ आणि विशेषतः कपाळावरचे किंवा हनुवटीवरचे गोंदण यांकडे बारकाईने पाहावे, कारण असे छोटे गडद ठिपके ही साधने धूळ समजून साफ करू शकतात.

प्रश्न : आमच्या घराण्यातील मोडी कागदांचे काही वर्षांपूर्वी मोबाइलवर काढलेले फोटो आहेत. अक्षरे लहान व अंधुक आहेत. वाचणाऱ्या जाणकारांकडे पाठवण्यापूर्वी ते एआयने स्पष्ट करून घ्यावेत का?
— वाचक, वाई

उत्तर : नाही. या एका बाबतीत माझे मत अगदी ठाम आहे. लिखित कागदात कड म्हणजेच आशय असतो. छापील देवनागरीतही ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातील फरक शिरोरेषेतील फटीवर आणि डावीकडच्या लहानशा वळणावर ठरतो. दहा पॉइंटचा मजकूर १०० पीपीआयने टिपला असेल, तर मात्रा-उकारांसह अक्षराला सुमारे १४ पिक्सेल मिळतात आणि ती फट एखाद्या पिक्सेलची उरते. अशा ठिकाणी ‘स्पष्ट’ करणाऱ्या साधनाने फट बुजवली काय किंवा नसलेली फट काढली काय, निकाल सारखाच स्वच्छ दिसणार. मोडीत अडचण आणखी वाढते. ओळीची शिरोरेषा आधी आखून तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहिली जात, त्यामुळे अक्षरांना जोडणारी रेघ कोणती आणि अक्षराचा अवयव असलेली रेघ कोणती, हे जाणकार बोरूच्या दाबावरून आणि शाईच्या गडद-फिकटपणावरून ओळखतो. एआय नेमका हाच फिकटपणा सपाट करते.

स्वच्छ कड म्हणजे खरी कड नव्हे, याचा एक दाखला वेगळ्या क्षेत्रातला आहे. २०१३ मध्ये जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीसेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांतील आकडे बदलत होते; ६ च्या जागी ८ येत होता. फाइल लहान करण्यासाठी ही यंत्रे एकसारखे दिसणारे छोटे तुकडे शोधून एकाच्या जागी दुसऱ्याचे चित्र वापरत होती. आकडे पुसट असते तर कोणाला तरी शंका आली असती. ते स्पष्ट होते, म्हणूनच चूक लपली. कंपनीला त्यासाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली.

कागद अजून घरात असतील, तर ते पुन्हा टिपावेत. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलने ए-फोर आकाराचा कागद पूर्ण चौकटीत घेतला, तर इंचाला जेमतेम ३४० पिक्सेल मिळतात. म्हणून कागदाचे दोन-तीन भाग करून, प्रत्येक भाग शेजारच्या भागावर थोडा चढवून फोटो काढावेत. डिजिटल झूम वापरू नये, कारण तो पडद्याआड केलेला विस्तारच असतो. फ्लॅश बंद ठेवावा आणि खिडकीचा मऊ प्रकाश घ्यावा. स्कॅनिंग अ‍ॅपमधील काळा-पांढरा पर्याय टाळावा; त्यात फिकट अनुस्वार सर्वांत आधी नाहीसे होतात. कागद आज उपलब्ध नसतील, तर जुने फोटो नेमके दुप्पट किंवा तिप्पट, बायक्युबिकने, रंगीतच ठेवून मोठे करावेत, पीएनजी किंवा टिफ स्वरूपात जपावेत आणि जाणकारांकडे मूळ फाइलही सोबत द्यावी.

प्रश्न : क्रॉस-स्टिचच्या नमुन्याचे छोटे चित्र मोठे केले की त्यात नको ते रंग येतात. हे कसे टाळावे?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : या चित्रात पायरीदार कड हीच खरी कड आहे, कारण प्रत्येक चौकोन म्हणजे एक टाका. म्हणून येथे नियरेस्ट नेबरच वापरावे आणि मोठे करण्याचे प्रमाण पूर्णांकात ठेवावे : १०, १५ किंवा २० पट. साडेसात पट केल्यास काही चौकोन ७ आणि काही ८ पिक्सेलचे होतात व जाळी वाकडी दिसते. इतर सर्व पद्धती दोन रंगांच्या मधला रंग तयार करतात आणि त्या रंगाचा धागा आपल्या डब्यात नसतो. चित्र आधीच जेपीईजी असेल, तर प्रथम रंगांची संख्या मूळ धाग्यांइतकी कमी करून घ्यावी.

प्रश्न : पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी प्रतिमा मोठी केल्यावर आकाराभोवती काळपट झालर येते.
— वेब डिझायनर, पुणे

उत्तर : पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही आत एक रंग असतो, तो दिसत नाही इतकेच, बहुधा तो काळा किंवा पांढरा असतो. मोठे करताना रंग आणि पारदर्शकता यांची सरासरी वेगवेगळी काढली गेली, तर तो लपलेला रंग कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये मिसळतो आणि झालर दिसू लागते. उपाय असा की रंगाला आधी पारदर्शकतेच्या प्रमाणाने गुणावे, मग मोठे करावे आणि शेवटी त्याच प्रमाणाने भागावे. स्वतःचा कोड लिहीत असल्यास हे हाताने करावे लागते. तयार फाइलमध्ये झालर आलीच असेल, तर फोटोशॉपमधील डीफ्रिंज एक-दोन पिक्सेलने लावावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत एक गाडी धडक देऊन पळाल्याचे दिसते. नंबरप्लेट अगदी अस्पष्ट आहे. ती मोठी करून क्रमांक वाचता येईल का?
— गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी, ठाणे

उत्तर : एकाच चौकटीत अंकाची उंची चार-पाच पिक्सेल असेल, तर कोणत्याही साधनाने क्रमांक ‘वाचला’ जात नाही, तो बनवला जातो. बनवलेल्या क्रमांकाची गाडी रस्त्यावर खरोखर असू शकते आणि तिच्या मालकाचा या घटनेशी काहीही संबंध नसू शकतो, म्हणून एआयने मोठी केलेली प्रतिमा सोसायटीच्या गटावर फिरवू नये.

अनेक चौकटी असल्यास परिस्थिती थोडी वेगळी होते. गाडी हलताना प्लेट प्रत्येक चौकटीत पिक्सेलच्या जाळीवर थोडी वेगळ्या जागी पडते, त्यामुळे प्रत्येक चौकट कडेविषयी किंचित नवी माहिती देते. या चौकटी अचूक जुळवून एक मोठी प्रतिमा तयार करण्याची कल्पना साई आणि हुआंग यांनी १९८४ मध्ये मांडली, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा तिचा उपयोग करतात. येथे वाढलेली स्पष्टता कल्पनेतून येत नाही, खऱ्या नोंदींतून येते. त्यासाठी मात्र मूळ चित्रण हवे. पडद्यावर चित्रण लावून मोबाइलने काढलेला व्हिडिओ या कामाला निरुपयोगी आहे, कारण त्यात पडद्याचे आणि मोबाइलचे पिक्सेल एकमेकांत मिसळलेले असतात.

आपण डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून, घटनेच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटे धरून चित्रण त्याच्या मूळ स्वरूपात पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, आवारातील इतर कॅमेऱ्यांत प्लेट अधिक जवळून आली आहे का ते पाहावे आणि सर्व फाइल कोणतीही सुधारणा न करता पोलिसांकडे द्याव्यात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याविषयी तपास अधिकाऱ्यांना त्याच वेळी विचारावे. डीव्हीआरची डिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, त्यामुळे फाइल उतरवण्याचे काम आजच करावे.